पावसाळ्यात भिजलेली भिंत दिवाळीपर्यंत सुकते का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बोरिवलीत दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट, पश्चिमेची नऊ इंची विटांची भिंत. मे महिन्यात आतून डॅम्पप्रूफ कोट आणि त्यावर प्लास्टिक पेंट लावला, सप्टेंबरात पोपडे धरले. आता सोसायटीने बाहेरच्या भेगा भरून इलॅस्टोमेरिक (रबरासारखा ताणला जाणाऱ्या) रंगाचे दोन हात मारले आहेत. भिंत अजून गार लागते. पेंटर म्हणतो, हॅलोजनचे तापणारे दिवे लावून चार दिवसांत सुकवतो आणि दिवाळीआधी रंग उरकतो. करू द्यावं का?

नका करू देऊ. पेंटर तुम्हाला फसवतोय असं नाही. चार दिवसांत भिंत वरून खरंच सुकलेली दिसेल. घोटाळा आतल्या पाण्याचा आहे.

आधी हिशेब बघू. नऊ इंची विटांच्या भिंतीचं वजन चौरस मीटरला साधारण ४०० किलो भरतं. साध्या विटेला चोवीस तास पाण्यात ठेवल्यावर वजनाच्या २० टक्क्यांपर्यंत पाणी प्यायची मुभा भारतीय मानकातच आहे. तुमची भिंत त्याच्या निम्मीच भिजली आहे असं धरा, म्हणजे १० टक्के. तरी चौरस मीटरला ४० लिटर पाणी झालं. ओलीचा डाग चार फूट बाय पाच फुटांचा असेल, तर त्यामागे ७५ लिटरच्या आसपास, म्हणजे वीस लिटरचे जवळजवळ चार जार, भिंतीत मुरलेले आहेत. कोरड्या दिवसांत पूर्ण ओल्या पृष्ठभागावरून, वारा नसताना, चौरस मीटरमागे दिवसाला लिटरभराच्या आसपास पाणी उडतं. तेही फक्त सुरुवातीला. पुढे वेग का पडतो ते खाली सांगतो.

पाणी आत शिरतं ते विटेच्या आणि प्लास्टरच्या बारीक छिद्रांच्या ओढीने. छिद्र जितकं बारीक तितकी ओढ जास्त. एक मिलिमीटर त्रिज्येच्या नळीत पाणी स्वतःहून दीड सेंटिमीटर चढतं, त्याच्या शंभराव्या भागाएवढ्या नळीत दीड मीटर चढू शकतं, आणि विटेतली बरीच छिद्रं त्याहूनही बारीक असतात. याच्यापुढे वाऱ्याचा जोर किरकोळ आहे. ताशी ७२ किलोमीटरचा वारा भिंतीवर आदळला, तरी त्याचा दाब जेमतेम अडीच सेंटिमीटर पाण्याच्या उंचीएवढा असतो. म्हणजे जून ते सप्टेंबर नैर्ऋत्येचा वारा दोन कामं करतो: पाऊस आडवा आणून तुमच्या भिंतीवर फेकतो, आणि भेगेतून पाणी आत ढकलतो. पुढचं काम वीट स्वतः करते. गवंडी म्हणतात ना, वीट पाणी पिते, ते शब्दशः खरं आहे.

ओल किती खोल जाते ते वेळेच्या वर्गमुळाप्रमाणे ठरतं. पहिल्या तासात ओल एक इंच आत गेली असेल, तर दोन इंचांना एकूण चार तास लागतात आणि तीन इंचांना नऊ. म्हणून अर्ध्या तासाच्या सरीने काही बिघडत नाही. सरींच्या मध्ये भिंतीला सुकायला वेळच मिळत नाही, तेव्हा पाणी आतल्या बाजूला पोचतं. जुलैत तेच होतं.

सुकण्याची गोष्ट वेगळी आहे, आणि लोक नेमके इथे चुकतात. भिंत दोन टप्प्यांत सुकते. पहिल्या टप्प्यात आतलं पाणी छिद्रांतून द्रवरूपात पृष्ठभागापर्यंत येत राहतं आणि तिथून उडतं. भिंत गडद दिसते, हाताला गार लागते, कारण उडणारं पाणी उष्णता घेऊन जातं (माठातलं पाणी याच कारणाने गार होतं, आणि मुंबईच्या पावसाळ्यात होत नाही). या टप्प्यात वेग ठरवते ती हवा. जुलैत २८ अंशांना, ८५ टक्के आर्द्रतेत, एक घनमीटर हवेत आधीच २३ ग्रॅम वाफ असते आणि आणखी जेमतेम ४ ग्रॅम मावते. जानेवारी-फेब्रुवारीतल्या कोरड्या दुपारी, ३२ अंश आणि ५० टक्के आर्द्रता असताना, आणखी १७ ग्रॅम मावते. चौपट फरक. पावसाळ्यात खिडक्या उघड्या टाकून भिंत का सुकत नाही, ते यात आलं.

दुसरा टप्पा सुरू होतो तेव्हा छिद्रांतली पाण्याची सलग साखळी तुटते. ओलीची सीमा पृष्ठभाग सोडून आत सरकते. आता पाणी आतच वाफ होतं आणि वाफ कोरड्या झालेल्या थरातून वाट काढत बाहेर येते. हे काम फार सावकाश चालतं, आणि जाडी दुप्पट झाली की वेळ चौपट होतो. भिंतीचा रंग उजळतो, गारवा जातो, हात फिरवला तर कोरडी लागते. पेंटरचे ‘चार दिवस’ म्हणजे हा क्षण. दीड-दोन इंचांवर मात्र वीट ओलीच असते.

या अवस्थेत प्लास्टिक पेंट मारला, तर पृष्ठभागावरून उडणं थांबतं. आतली ओल पुन्हा समान पसरते, रंगाच्या मागे येऊन साठते, सोबत क्षार आणते, आणि मग फुगे व पोपडे येतात. मे महिन्यातल्या तुमच्या कोटाचं हेच झालं असणार. आतून मारलेला डॅम्पप्रूफ कोट म्हणजे भांड्याच्या गळक्या बाजूऐवजी दुसऱ्या बाजूला लावलेलं बूच. पाणी बाहेरून येतंय आणि थर आतून चिकटवलाय, तर पाणी त्याला मागून ढकलत राहतं. माझं मत सरळ आहे: बाहेरून पाऊस खाणाऱ्या भिंतीला आतून वॉटरप्रूफिंग करण्यात पैसे घालू नयेत.

तुमच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे, ती कोणी सांगितलेली दिसत नाही. सोसायटीने बाहेरून इलॅस्टोमेरिक रंग लावला. पावसासाठी ते योग्यच, पण ओल्या भिंतीची बाहेरची वाट त्यामुळे बरीचशी बंद झाली. आता ते पाणी मुख्यतः तुमच्या खोलीतूनच जाणार. वर पश्चिमेचं दुपारचं ऊन बाहेरचा थर तापवतं आणि वाफ आतल्या गार बाजूकडे ढकलतं. संध्याकाळी खोलीत कुबट वास वाढत असेल तर नवी गळती झाली असं समजू नका. त्यामुळे आतली बाजू उघडी ठेवणं हा आता एकच मार्ग उरला आहे.

तर करायचं असं. ओलीच्या कडेपासून सगळीकडे किमान फूटभर पुढे जाऊन रंग, पुट्टी, जुना डॅम्पप्रूफ कोट, सगळं पत्र्याने खरवडून काढा. मग हातोडीच्या दांड्याने प्लास्टर टकटक वाजवा. जिथे पोकळ आवाज येतो किंवा बोट घासल्यावर भुकटी पडते, तिथलं प्लास्टर विटेपर्यंत फोडा. पांढरा लोणा आला असेल तर तो कोरड्या ब्रशने झाडा, खाली कागद अंथरा आणि ती पूड घराबाहेर टाका. ओल्या फडक्याने पुसू नका. पाण्यात क्षार विरघळून परत भिंतीत जातात आणि पुढच्या महिन्यात पुन्हा बाहेर येतात.

पहिले काही आठवडे टेबल फॅन भिंतीला समांतर फिरवत ठेवा. त्याचा फायदा पहिल्याच टप्प्यात होतो. भिंत उजळली की फॅनने विजेचं बिल वाढेल, दुसरं काही नाही. खिडक्या दुपारी साधारण ११ ते ५ उघड्या ठेवा, रात्री आणि पहाटे बंद. आपल्याकडे थंडीतसुद्धा पहाटेची हवा दमट असते. खोली बंद करून डीह्युमिडिफायर (हवेतली वाफ ओढणारं यंत्र) भाड्याने लावणार असाल तर त्याच्या टाकीत रोज किती पाणी जमतं ते लिहून ठेवा. तो आकडा पेंटरच्या तळहातापेक्षा विश्वासाचा. फक्त त्यात माणसांच्या श्वासाचं आणि वाळत घातलेल्या कपड्यांचंही पाणी येतं, म्हणून कपडे दुसऱ्या खोलीत टाका.

हॅलोजन नको याचं कारण नुसता वेळ नाही. सावकाश सुकलं तर क्षार पृष्ठभागावर येऊन बसतात आणि झाडता येतात. एकदम तापवलं तर ओलीची सीमा लवकर आत सरकते, आणि क्षारांचे स्फटिक प्लास्टरच्या पोटात, पृष्ठभागाच्या थोडं मागे वाढतात. तिथे ते वाढताना थर उचलतात. चार महिन्यांनी प्लास्टरची साल निघते आणि दोष सिमेंटवर जातो.

क्षारांचं आणखी एक सांगतो, कारण समुद्राकाठच्या शहरात ते टाळता येत नाही. साधं मीठ हवेची आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की हवेतलं पाणी ओढून विरघळतं. स्वयंपाकघरातलं मीठ जूनमध्ये ओलं होतं ते असंच. समुद्राची खारी हवा खाल्लेल्या किंवा नीट न धुतलेल्या खाडीच्या रेतीचं प्लास्टर असलेल्या भिंती गळती नसतानाही पावसाळाभर ओलसर राहतात. ओळखायचं कसं? गळतीचा डाग मोठ्या सरीनंतर काही तासांत किंवा दिवसांत वाढतो, त्याला बहुतेकदा तपकिरी कडा असते. खारट प्लास्टर मात्र पाऊस न पडताही ढगाळ, दमट दिवशी ओलं होतं आणि ऊन पडलं की निवळतं, कडाही अंधुक असते. अशा भिंतीला कितीही सुकवा, पुढच्या जूनमध्ये ती पुन्हा ओली होणार. तिथलं प्लास्टर काढणं हाच उपाय. दगडाच्या, चुन्याच्या जुन्या भिंतीवर प्लास्टर फोडायचं नसेल, तर कागदाचा लगदा डिस्टिल्ड वॉटरमध्ये कालवून सेंटिमीटरभर जाड थापतात, सुकू देतात आणि काढून टाकतात. दोन-तीन वेळा केलं की बरेच क्षार त्या लगद्यात उतरतात.

गिरगाव-लालबागच्या चाळींत राहणाऱ्यांसाठी एक आडवी सूचना: चुन्याच्या सांध्यांच्या जुन्या भिंतीवर सिमेंटचं कडक प्लास्टर चढवू नका. चुना ओल सोडतो, कडक सिमेंट ती अडवतं, आणि अडलेली ओल सागवानी तुळईच्या भिंतीत रुतलेल्या टोकाकडे जाते. तुळई कुजते तेव्हा वरून काही दिसत नाही.

आता वाळलं की नाही हे कसं कळणार. पहिल्याच दिवशी ओलीच्या कडेवर पेन्सिलने रेघ मारा आणि तारीख लिहा. दर पंधरा दिवसांनी नवी रेघ. रेघा आत सरकल्या पाहिजेत. डिसेंबर-जानेवारीत रेघ बाहेर सरकली, तर तो पाऊस नाही. कुठेतरी पाइप किंवा वरच्या मजल्याचा नहाणी ट्रॅप गळतोय. (वरच्या बाथरूमची दुरुस्ती झाल्यावरही काही आठवडे थेंब येतात. बाथरूमच्या खोलगट स्लॅबमध्ये विटांचे तुकडे भरलेले असतात, आणि तो भराव पाणी धरून ठेवतो. दुरुस्ती फसली असं लगेच ठरवू नका, थेंबांमधलं अंतर वाढतंय का ते मोजा.)

दोन पिनांचा मॉइश्चर मीटर वापरत असाल तर एक लक्षात ठेवा: त्याचे टक्के लाकडासाठी बनवलेले असतात, आणि क्षार असले की तो जास्त आकडा दाखवतो. आकड्याला अर्थ नाही, फरकाला आहे. भिंतीवर फूट-फूट अंतराने खुणा करा, दर वेळी त्याच जागी, त्याच वेळेला मोजा, आणि शेजारच्या कोरड्या भिंतीशी ताडून बघा.

रंगाच्या आधीची शेवटची चाचणी स्वस्त आहे. दीड फूट बाय दीड फूट पारदर्शक प्लास्टिक चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट बंद करून भिंतीला लावा. नियमाप्रमाणे १६ तास पुरतात, जाड भिंतीला मी दोन दिवस ठेवायला सांगेन. भिंतीकडच्या बाजूला थेंब जमले किंवा प्लास्टिकखालची भिंत आजूबाजूपेक्षा गडद झाली, तर आत अजून पाणी आहे. थेंब बाहेरच्या बाजूला जमले तर ती खोलीतली वाफ आहे. एसीची खोली शेजारी असेल तर पावसाळ्यात असं होतं.

किती महिने? बांधकामात एक ढोबळ नियम चालतो: इंचाला महिना. नऊ इंच, नऊ महिने. तो काटेकोर नाही. तुमची भिंत पूर्ण जाडीभर सारखी भिजलेली नसेल, आणि आतलं प्लास्टर काढल्याने वाट मोकळी होईल. पण पावसाळ्याचे महिने या मोजणीत धरता येत नाहीत. ऑक्टोबरच्या मध्यापासून मोजा आणि फेब्रुवारीच्या शेवटी प्लास्टिकची पहिली चाचणी करा. ती फसली तर मार्चअखेर पुन्हा. दिवाळीला पाहुणे येणार असतील तर त्या भिंतीपुढे हातभर जागा सोडून पडदा टाका. कपाट मात्र चिकटवू नका. त्याच्यामागे हवा थांबते आणि बुरशी धरते.

प्लास्टर नवीन करताना विटा ओल्या असल्या तरी चालतं, अट फक्त बाहेरचं पाणी थांबलेलं असण्याची. एक भाग सिमेंट आणि पाच भाग धुतलेली नदीची रेती किंवा क्रश सँड, जाडी १२ ते १५ मिलिमीटर. एकास तीनचा कडक माल नको, तो ओलही अडवतो आणि बारीक तडेही जास्त देतो. खाडीची रेती स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. सात दिवस पाणी मारायचं, नंतर किमान २८ दिवस उघडं ठेवायचं आणि मग वरची चाचणी. या भिंतीवर पीओपी किंवा जिप्सम अजिबात नको. जिप्सम ओलीत मऊ पडतं आणि पाण्यात थोडं विरघळतंही. पुट्टी व्हाइट सिमेंटची, दोन हात मिळून दीड मिलिमीटरच्या आत. ऑइल पेंट टाळा, कारण ओल्या सिमेंटच्या क्षारीपणाने तेलाचा साबण होतो आणि थर चिकट होऊन सुटतो. पहिला पावसाळा मी चुन्यावर किंवा सुक्या डिस्टेंपरवर काढायला सांगेन. हाताला पांढरं लागेल, पण भिंत श्वास घेईल आणि ओल कुठे आली तर डाग लगेच दिसेल. महागडा रंग त्यानंतरच्या कोरड्या दिवसांत.

आणि हे सगळं ज्यावर अवलंबून आहे ते बाहेरचं काम तपासल्याशिवाय आत रंगाला हात घालू नका. आरसीसी बीम आणि विटांचं काम जिथे मिळतं ती आडवी रेघ, खिडकीच्या चौकटीचा खालचा सांधा, आणि एसीच्या पाइपसाठी पाडलेलं भोक, या तीन जागा आधी बघा. भोकाचा उतार बाहेरच्या बाजूला हवा. तो आत असेल तर रंगाचे दहा हातही उपयोगाचे नाहीत. चज्जाच्या आणि खिडकीच्या कट्ट्याच्या खालच्या कडेला पाणी तुटण्यासाठी खाच आहे ना तेही पाहा. नसेल तर पाणी उलटं वळून भिंतीलाच चिकटून येतं.

भिंत सुकल्यावर, एप्रिलमध्ये, झुल्यावरच्या माणसाकडून नळीने पाणी मारून घ्या. जोराचा फवारा नको, भिंतीवरून ओघळेल एवढंच. सुरुवात तळापासून करा: खालच्या तीन फुटांवर वीस मिनिटं, आत एकजण टॉर्च घेऊन उभा, मग त्याच्या वरचे तीन फूट. वरून सुरुवात केलीत तर पाणी खालच्या सगळ्या सांध्यांवरून वाहतं आणि कोणत्या भेगेतून आत आलं ते कळत नाही. आतल्या बाजूला गडद ठिपका दिसला की तिथेच थांबा, वर जाऊ नका, आणि ती पातळी बाहेरून खडूने मार्क करून घ्या.